ताकद कुठून येते? खुराक, शिधा आणि आहारविज्ञानाची दीडशे वर्षं



आजचा विषय दिसायला साधा आहे. माणसाच्या अंगात ताकद येते ती कशाने? आपल्याकडे कुणालाही विचारा, उत्तर लगेच मिळतं. आजी म्हणेल दूध-तूप. तालमीतले वस्ताद म्हणतील खुराक आणि मेहनत. जिममधला मुलगा म्हणेल प्रोटीन. उत्तरं वेगळी असली तरी तिघांच्या बोलण्यात एक समजूत सारखीच आहे. ताकद कुठल्यातरी खास पदार्थात असते, आणि तो पदार्थ रोजच्या जेवणापेक्षा महाग असतो. ही समजूत कुठून आली, विज्ञानाने तिला कधी बळ दिलं, कधी धक्का दिला, आणि या सगळ्यात कुणाच्या ताटात काय पडलं, ते आज आपण पाहणार आहोत.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. ‘ताकद कशाने येते’ या प्रश्नाच्या पाठोपाठ नेहमी दुसरा प्रश्न येतो, ‘मग अमुक लोक दुबळे का?’ पहिला प्रश्न तालमीतला आहे. दुसरा राज्यकारभारातला आहे. आपल्या इतिहासात हे दोन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून आपल्याला कोल्हापूरच्या तालमीतून स्वित्झर्लंडच्या डोंगरावर, तिथून दुष्काळी कामांवर आणि पुढे निलगिरीतल्या एका प्रयोगशाळेत जावं लागणार आहे.

खुराक आणि त्याचा धनी

तालमीपासून सुरुवात करू. खुराक म्हणजे नुसतं भरपूर खाणं नव्हे. त्याला एक शिस्त असते. पहाटेची मेहनत, त्यानंतर बदामाची थंडाई, दूध, तूप, दोन वेळचं पोटभर जेवण, आणि झोप. जोसेफ ऑल्टर या मानववंशशास्त्रज्ञांनी बनारसच्या आखाड्यांवर लिहिलेला ग्रंथ १९९२ साली प्रसिद्ध झाला. त्यात दूध, तूप आणि बदाम हेच पैलवानाच्या आहाराचे तीन खांब म्हणून येतात, आणि आहाराला ब्रह्मचर्याची, संयमाची जोड असते. कोल्हापूरकडे याला मटणाची आणि रश्श्याचीही साथ मिळाली. धारोष्ण दूध उभ्या उभ्या पिण्याची गंगावेशीतली रीत तर आजही पाहायला मिळते.

आता या खुराकाकडे जरा हिशेबाच्या नजरेने बघा. बदाम आपल्या शेतात पिकत नाहीत. दोन-दोन लिटर दूध आणि वर तूप हे सामान्य कुणब्याच्या घरात एका माणसाला देता येत नाही. मग हा खुराक कोण देत होतं? संस्थान देत होतं, सरदार देत होते, गावचे दानशूर देत होते. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात कोल्हापूरला कुस्तीचं जे वैभव आलं, १९१२ साली खासबागेचं मैदान उभं राहिलं, त्याच्या मागे पैलवान पोसण्याची ही व्यवस्था होती. म्हणजे खुराक हा जसा आहार होता, तसाच तो आश्रयही होता. पैलवानाच्या अंगातली ताकद ही अर्धी धन्याच्या कोठारातून आलेली असायची, आणि हे पैलवानाला आणि धन्याला दोघांनाही ठाऊक होतं.

शास्त्रज्ञ मंडळी मात्र हे कोठार बरेचदा विसरली. ती पदार्थाकडेच बघत राहिली.

एक डोंगर आणि दोन प्राध्यापक

आता युरोपात जाऊ. कारण ‘प्रोटीन म्हणजे ताकद’ या समजुतीचा शास्त्रीय जन्म तिथला आहे.

युस्टुस फॉन लीबिग हा त्या काळातला फार मोठा जर्मन रसायनशास्त्रज्ञ. त्याने १८४२ साली प्राणिरसायनावर ग्रंथ लिहिला आणि त्यात सिद्धांत मांडला की स्नायू काम करतात तेव्हा स्नायूंमधलंच प्रथिन खर्च होतं. पिठूळ आणि तेलकट पदार्थ फक्त अंगात ऊब ठेवतात, काम करून घेतं ते प्रथिन. सिद्धांत ऐकायला पटणारा होता. स्नायू प्रथिनाचे बनलेले, मग इंधनही प्रथिनच असणार. त्यातून निष्कर्ष निघाला की जो जास्त मांस खातो तो जास्त काम करू शकतो. पुढे लीबिगच्या नावाने मांसाचा अर्क डब्यांतून जगभर विकला गेला. म्हणजे ताकद डब्यात भरून विकण्याची कल्पना आजकालची नाही.

हा सिद्धांत दोघांनी डोंगर चढून तपासला. आडोल्फ फिक आणि योहानेस विस्लिसेनुस हे झुरिकमधले दोन प्राध्यापक. ३० ऑगस्ट १८६५ रोजी ते आल्प्समधलं फाउलहोर्न नावाचं शिखर चढले. सरोवराच्या काठापासून शिखरापर्यंतची उभी चढाई १९५६ मीटर होती. आदल्या दिवशी दुपारपासून त्यांनी प्रथिनं बंद केली होती. खायला काय, तर स्टार्चच्या तळलेल्या वड्या आणि साखरेचा चहा. चढताना आणि चढल्यानंतर त्यांनी आपली लघवी बाटल्यांत जमवली, कारण शरीरात प्रथिन जळलं की त्यातलं नत्र लघवीवाटे बाहेर पडतं. नत्र मोजलं की किती प्रथिन जळलं ते कळतं.

आता गणित बघा, सोपं आहे. फिकचं वजन ६६ किलो. ते १९५६ मीटर वर नेलं, म्हणजे १,२९,०९६ किलोग्रॅम-मीटर काम झालं. विस्लिसेनुस ७६ किलोचा, त्याचं काम १,४८,६५६. दोघांच्याही शरीरात या काळात जळलेलं प्रथिन भरलं फक्त ३७ ग्रॅमच्या आसपास. फिकचा मेहुणा एडवर्ड फ्रँकलंड याने पुढच्या वर्षी लंडनमध्ये अन्नपदार्थ जाळून त्यांची उष्णता मोजली, तेव्हा दिसलं की इतक्या प्रथिनातून फार तर निम्मं काम निघू शकतं. शिवाय शरीर काही शंभर टक्के उष्णतेचं काम करू शकत नाही, मोठा भाग वाया जातो. म्हणजे प्रथिनाचा खरा वाटा आणखी कमी. उरलेली चढण कुणाच्या जिवावर झाली? त्या तळलेल्या वड्यांच्या आणि साखरेच्या.

एका डोंगराने एक सिद्धांत पाडला. पण सिद्धांत पडला तरी समजूत पडत नाही. म्युनिकच्या कार्ल फॉइटने श्रमिकांचा आहार मोजून दिवसाला ११८ ग्रॅम प्रथिनं हे प्रमाण सांगितलं, आणि ते युरोपभर मानलं गेलं. त्याने मोजलं होतं ते बऱ्यापैकी खाणारे लोक किती खातात. वाचणाऱ्यांनी त्याचा अर्थ घेतला, माणसाला इतकं लागतंच. या दोन वाक्यांमधला फरक लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा पुन्हा येणार आहे.

एक पौंड धान्य

हीच मोजमापं आपल्याकडे आली ती तालमीत नव्हे, तर दुष्काळात आणि तुरुंगात. कारण माणसाला तोलून अन्न द्यायची वेळ सरकारवर तिथेच येते.

१८७६ ते १८७८ चा दख्खनचा दुष्काळ. मुंबई आणि मद्रास इलाख्यांत लाखो माणसं दुष्काळी कामांवर, खडी फोडायला, तळी खोदायला, रस्त्यावर माती टाकायला आली. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी व्हाइसरॉय लिटनने सर रिचर्ड टेंपल यांना पाठवलं. तीन वर्षांपूर्वी बिहारच्या दुष्काळात याच टेंपल यांनी हात सैल सोडला म्हणून त्यांच्यावर टीका झाली होती. या खेपेला त्यांनी काटकसरीचा विडा उचलला. धडधाकट मजुराला दिवसाला एक पौंड धान्य मिळेल एवढी मजुरी, आणि वर अगदी किरकोळ पैसे. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. डाळ, मीठ, भाजी, सरपण, सगळं त्या किरकोळ पैशांत भागवायचं, आणि दिवसभर खडी फोडायची.

मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. विल्यम कॉर्निश यांनी याला जाहीर विरोध केला. त्यांचं म्हणणं, एक पौंड धान्यावर स्वस्थ पडून राहिलेला माणूस जेमतेम जगेल, कष्ट करणारा झिजेल. किमान दीड पौंड धान्य हवं आणि सोबत डाळ, भाजीपाला हवा. गंमत अशी की कॉर्निश यांच्या हातातलं हत्यार प्रथिनांचं शास्त्र हेच होतं. कष्टकऱ्याला नत्रयुक्त अन्न लागतं, हे ते युरोपातल्या ज्ञानाच्या आधारे सांगत होते. म्हणजे शास्त्र एकाच बाजूचं नसतं. त्यातून खुराकाचा बडेजाव निघाला, आणि भुकेल्याची वकिलीही निघाली.

इकडे मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी या मजुरीवर काम करायला नकार दिला आणि छावण्या सोडल्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे सार्वजनिक काकांच्या आणि न्यायमूर्ती रानड्यांच्या सभेने, गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे निवेदनांमागून निवेदनं पाठवली. आपल्याकडे आहाराच्या आकड्यांवरून सरकारशी झालेला हा पहिल्या मोठ्या वादांपैकी एक. मद्रासमध्ये पुढे शिधा वाढवावा लागला. पण तोवर फार माणसं गेली होती.

इथे थांबून एक गोष्ट मनात पक्की करू. खडी फोडणाऱ्या बाईच्या अंगात ताकद नव्हती, याचं कारण तिची भाकरी कमअस्सल होती म्हणून नव्हे. भाकरी अर्धीच होती म्हणून.

तुरुंग, उंदीर आणि सात ‘जाती’

पुढच्या पिढीतल्या शास्त्रज्ञांनी नेमकं हेच उलटं वाचलं. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातले शरीरशास्त्राचे प्राध्यापक डेव्हिड मॅके यांनी बंगाल आणि संयुक्त प्रांतांतल्या तुरुंगांत कैद्यांच्या आहाराचा अभ्यास केला आणि १९१२ साली प्रथिनांवर ग्रंथ लिहिला. तुरुंग निवडण्याचं कारण उघड आहे, तिथे शिधा मोजून मिळतो. त्यांचा निष्कर्ष असा की भात खाणारा बंगाली दुबळा, गहू आणि दूध घेणारा पंजाबी बळकट, आणि हा फरक प्रथिनांचा. फौजेत ‘लढाऊ जाती’ भरायच्या असं सरकारचं धोरण आधीच ठरलं होतं. त्या धोरणाला आता तराजूचा आधार मिळाला.

आणि बघा, याच्या काही वर्षं आधी अमेरिकेत येल विद्यापीठात रसेल चिटेंडन यांनी सैनिकांना, खेळाडूंना आणि स्वतःलाही महिनोन्महिने फॉइटच्या निम्म्या प्रथिनांवर ठेवलं होतं. त्यांची ताकद घटली नाही, मोजमापात उलट वाढली. १९०४ साली हे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालं होतं. मॅके यांना ते पटलं नाही. एका अर्थी त्यांची शंका रास्त होती, कारण येलमधल्या माणसांना बाकी काहीच कमी नव्हतं. पण हाच तर मुद्दा आहे!

यानंतर येतात रॉबर्ट मॅककॅरिसन. उत्तर आयर्लंडचे डॉक्टर, हिंदुस्थानच्या वैद्यकीय सेवेत आले, तरुणपणी गिलगिटकडे काम केलं, तिथल्या हुंझा लोकांची तब्येत पाहून प्रभावित झाले. पुढे निलगिरीतल्या कुन्नूर इथे, पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या एका खोलीत त्यांनी आहाराचं संशोधन सुरू केलं. १९२३ मध्ये सरकारने काटकसर म्हणून ते बंद केलं, १९२५ मध्ये पुन्हा सुरू झालं, आणि त्यातूनच कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली.

त्यांचा सर्वांत गाजलेला प्रयोग पांढऱ्या उंदरांवरचा. एकाच वयाच्या, वजनाच्या उंदरांचे सात गट केले आणि प्रत्येक गटाला हिंदुस्थानातल्या एकेका लोकसमूहाचा आहार दिला. शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली आणि मद्रासी. काही आठवड्यांनी वजनं केली. शीख आहारावरचे उंदीर सर्वांत भारी, मग पठाण, तिसरे मराठा, आणि त्याच क्रमाने खाली येत शेवटी मद्रासी. शीख आहारात काय होतं? कोंड्यासकट गव्हाची चपाती, दूध-दही-लोणी, डाळ, कच्च्या आणि शिजवलेल्या भाज्या, फळं आणि अधूनमधून मांस. मद्रासी आहारात मुख्य होता तो गिरणीत पॉलिश केलेला तांदूळ, बाकी सगळं नावापुरतं.

प्रयोग खोटा नव्हता. मॅककॅरिसन यांची दृष्टी मॅके यांच्यापेक्षा रुंद होती, त्यांनी फक्त प्रथिनं धरली नाहीत. गिरणीत तांदळाचा कोंडा जातो आणि त्याबरोबर जीवनसत्त्वं जातात, दूध आणि पालेभाजी नसेल तर शरीर खंगतं, हे त्यांनी ठासून मांडलं. आणि पुढे त्यांनी इंग्लंडमधल्या गरिबांचाही आहार उंदरांना दिला. पांढरा पाव, मार्गारीन, गोड चहा, डब्यातलं मांस, जॅम. ते उंदीर खुरटले, चिडखोर झाले आणि एकमेकांना मारून खाऊ लागले. म्हणजे ते फक्त हिंदी माणसालाच नावं ठेवत नव्हते.

चूक कुठे झाली, तर पिंजऱ्यावरच्या पाट्यांत. ‘शीख आहार’ हा खरं तर घरी म्हैस आणि पाण्याखालची जमीन असलेल्या शेतकऱ्याचा आहार होता. ‘मद्रासी आहार’ हा गरिबाचा आहार होता. तंजावरच्या जमीनदाराचं ताट असं नव्हतं, आणि पंजाबातल्या भूमिहीन मजुराला रोज लोणी मिळत नव्हतं. पाट्यांवर ‘म्हैस आहे’ आणि ‘म्हैस नाही’ असं लिहिलं असतं, तरी उंदरांची वजनं तशीच भरली असती. पण वाचणाऱ्यांचा निष्कर्ष किती बदलला असता!

त्यांच्यानंतर कुन्नूरला आलेल्या वॉलेस एक्रॉइड यांनी १९३७ साली हिंदी अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली. ज्वारी, बाजरी, नाचणी, हरभरा, मेथी, सगळ्यांचे आकडे एका जागी आले. तिच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. एक्रॉइड पुढे बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाच्या चौकशी आयोगावर सदस्य होते. पोषणतज्ज्ञाला शेवटी दुष्काळाचाच हिशेब लिहावा लागला.

स्वयंपाकघर प्रयोगशाळेत येतं

याच कुन्नूरला एक मराठी बाई काम करून गेल्या, त्यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी. बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत १९३३ साली त्या बाई आहेत म्हणून आधी प्रवेश नाकारला गेला होता. पुढे त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली, कुन्नूरला काम केलं आणि मग मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनाचा विभाग सांभाळला. कडधान्यं, भाताचं पीठ, नीरा असे गरिबाच्या घरातले पदार्थ त्यांनी विषय म्हणून निवडले. नीरेवरच्या कामाला राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला.

त्यांच्या विभागातल्या कडधान्यांवरच्या कामाचा एक धागा आपल्या विषयाला थेट भिडतो. कच्च्या कडधान्यांत प्रथिनं पचवणाऱ्या विकराला अडवणारे घटक असतात. १९५० च्या दशकात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी आपल्या अन्नपदार्थांतले हे घटक तपासले. शिजवल्यावर हे घटक निष्प्रभ होतात. म्हणजे भिजवणं, मोड आणणं, नीट शिजवणं या फक्त चवीच्या गोष्टी नाहीत, त्या पचनाच्या गोष्टी आहेत. तसंच भाकरी आणि पिठल्याचं. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हा घटक कमी, हरभऱ्यात तो भरपूर. हरभऱ्यात जे कमी ते ज्वारीत. दोन्ही एकत्र आले की उणीव भरून निघते. घरोघरच्या बायकांनी हे पिढ्यान्‌पिढ्या केलं, विज्ञानाने त्याचं कारण सांगितलं.

संकट प्रथिनांचं की भुकेचं?

आता १९६८ सालात येऊ. संयुक्त राष्ट्रांच्या एका अहवालाने जगावर ‘प्रथिन संकट’ येत असल्याचा इशारा दिला. मासळीचं पीठ, तेलबियांची पेंड, पेट्रोलियमवर वाढवलेले सूक्ष्मजीव, अशा नाना मार्गांनी गरीब देशांना प्रथिनं पुरवायच्या योजना निघाल्या. लीबिगचं भूत शंभर वर्षांनी पुन्हा उभं राहिलं म्हणा ना.

याला ठामपणे उत्तर दिलं ते आपल्या माणसांनी. कुन्नूरची प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादला गेली होती, तिथे सी. गोपालन आणि त्यांचे सहकारी लहान मुलांचे आहार तपासत होते. आणि रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र सांभाळत होते डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. दोघेही स्वतंत्रपणे एकाच ठिकाणी पोहोचले. भारतातली सामान्य माणसं जे धान्य आणि डाळ खातात, त्यात प्रथिनांचं प्रमाण बहुतेक ठिकाणी पुरेसं आहे. कमी आहे ती खाण्याची एकूण मात्रा. पोट भरलं नाही, की शरीर प्रथिनंच इंधन म्हणून जाळतं, आणि मग प्रथिनांची उणीव दिसते. नेहमीचंच जेवण पोटभर मिळालं तर ही उणीव आपोआप जाते. १९७४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डोनाल्ड मॅकलॅरन यांनी साऱ्या प्रथिन मोहिमेला फजिती म्हणून निकालात काढलं.

याच सुमारास, १९७१ मध्ये, पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडला आणि दिवसाला २,२५० कॅलरी मिळवण्याइतका खर्च ही गरिबीची रेषा धरली. पुढे सुखात्मे म्हणू लागले की कमी अन्नाशी शरीर काही मर्यादेत जुळवून घेतं, आणि दांडेकरांनी ते जोरात खोडून काढलं. दोघं मराठी, दोघं आकडेबहाद्दर, आणि वाद असा की त्याच्या निकालावर कोट्यवधी माणसं उपाशी मोजायची की नाही हे ठरणार होतं. १८७७ सालच्या एक पौंडाचाच हा वाद, फक्त भाषा नवी.

स्नायूच्या आत

खेळाचं विज्ञान याच काळात दुसऱ्या वाटेने त्याच गावाला पोहोचलं. १९२४ साली बोस्टन मॅरेथॉनच्या शेवटी डॉक्टरांनी धावपटूंचं रक्त तपासलं. जे गलितगात्र झाले होते त्यांच्या रक्तातली साखर घसरलेली होती. पुढच्या वर्षी धावताना गोळ्या-चॉकलेटं खायला दिली, आणि तब्येती सुधारल्या. १९६० च्या दशकात स्टॉकहोममध्ये बर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन यांनी सुईने मांडीच्या स्नायूचा कण काढून त्यातलं ग्लायकोजेन मोजलं. ग्लायकोजेन म्हणजे पिठूळ अन्नापासून स्नायूत साठवलेली साखर. एका प्रयोगात दोघांनी एकाच सायकलवर एकेक पाय मारला, म्हणजे प्रत्येकाचा एक पाय दमलेला आणि एक विसावलेला. दमलेल्या पायातला साठा संपला होता, विसावलेल्या पायात तो शिल्लक होता. १९६७ मध्ये त्यांनी आहार बदलून सायकल चालवायला लावली. मांस आणि चरबीच्या आहारावर माणसं साधारण तासभर टिकली, मिश्र आहारावर दोन तासांच्या आत, आणि पिठूळ आहारावर पावणेतीन तास.

फाउलहोर्नच्या तळलेल्या वड्यांचं कोडं सुटलं ते असं, शंभर वर्षांनी.

आणि केनियाचे धावपटू? त्यांच्या आहाराचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. तीन चतुर्थांश ऊर्जा पिठूळ पदार्थांतून, मुख्य पदार्थ उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, सोबत पालेभाजी आणि भरपूर साखरेचा दुधाळ चहा. जगातल्या सर्वांत वेगवान पायांमागे एक साधं, गावठी ताट आहे.

मग पैलवानाने काय खावं?

कुणी म्हणेल, धावणं वेगळं, कुस्ती वेगळी. बरोबर आहे. मेहनतीने स्नायूंची झीज होते, ती भरायला प्रथिनं लागतातच. साध्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम पुरतात, असं आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये सांगितलं आहे. खेळाडूला आज १.२ ते २ ग्रॅम सांगतात. म्हणजे सत्तर किलोच्या मल्लाला ८४ ते १४० ग्रॅम.

आता हिशेब मांडू या. दोन लिटर दुधात किमान ६५ ग्रॅम. अर्धा किलो ज्वारीच्या पिठात ५० च्या आसपास. शंभर ग्रॅम डाळीत २२. पन्नास ग्रॅम बदामात १०. बेरीज झाली १४७. यात अंडं नाही, मटण नाही, पावडरचा डबा तर नाहीच. म्हणजे जुना खुराक प्रथिनांत कुठेच कमी नव्हता. आणि त्यातली भाकरी, जिला कुणी खुराक म्हणतच नव्हतं, ती लढतीचं इंधन पुरवत होती.

जुन्या खुराकाचं सगळंच आज चालेल असंही नाही. मातीतली कुस्ती निकाल लागेपर्यंत चाले, तिथे वजनाला किंमत होती. मॅटवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव आणि किलोवर ठरणारा गट. खाशाबा जाधव, कराडजवळच्या गोळेश्वरचे, १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक जिंकले ते बँटमवेट गटात, ५७ किलोच्या. तिथे तुपाने वाढलेलं अंग उपयोगाचं नव्हतं, चपळाई आणि डाव कामी आले. आज वजन भरण्यापेक्षा उतरवण्याच्या नादात पोरं-पोरी पाणीसुद्धा तोडतात, आणि ते धोक्याचं आहे. वस्ताद आणि पोषणतज्ज्ञ यांनी एकत्र बसायला हवं ते इथे.

पण आमच्या मते या दीडशे वर्षांचा खरा धडा वेगळा आहे. शास्त्राने प्रत्येक वेळी विचारलं, बळकट माणूस काय खातो? आणि प्रत्येक वेळी उत्तरात त्या माणसाची जमीन, त्याची म्हैस, त्याचा धनी लपलेला होता. दुबळ्याचं ताट कमअस्सल ठरवलं गेलं, ते अर्धं रिकामं आहे हे सांगायला कॉर्निश, सार्वजनिक सभा, गोपालन आणि सुखात्मे यांना भांडावं लागलं.

आज संस्थानं नाहीत. खुराकाचा खर्च पैलवानाच्या बापावर आला आहे. घरचं दूध पहाटे डेअरीला जातं, कारण घर त्या पैशावर चालतं. मग तोच बाप शहरातून पावडरचा डबा आणतो, आपलं भाकरी-पिठलं कमी पडतं अशी त्याची खात्री करून दिलेली असते म्हणून. आणि त्याच घरात सर्वांत शेवटी जेवणारी जी आहे, तिच्या ताकदीचा प्रश्न अजून कुणाच्या खुराकात आलेला नाही. कुस्तीत मुली आल्या आहेत, तेव्हा तो यायला सुरुवात झाली, एवढंच म्हणता येईल.

तेव्हा ‘ताकद कुठून येते’ याचं आमचं उत्तर हे, की भरलेल्या ताटातून, पुरेशा विश्रांतीतून आणि मेहनतीतून येते. ताटात काय असावं हे आपल्या स्वयंपाकघरांना बऱ्यापैकी ठाऊक आहे. किती असावं आणि कुणाकुणाच्या असावं, हे भांडण अजून संपलेलं नाही.

इथे थांबतो. वेळ झाली आहे, आता तुमचे प्रश्न घेऊ या.